सत्याग्रहाची किंमत कोणी मोजावयाची?

जिल्हाधिकारी कचेरीच्या फाटकासमोर मांडव घातला, त्याला कापडी फलक बांधला, ध्वनिक्षेपक लावला आणि चारपाच कार्यकर्ते सतरंजीवर येऊन बसले म्हणजे सत्याग्रह झाला, अशी आज आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. साखळी उपोषण हा सत्याग्रह, सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळातले लाक्षणिक उपोषण हाही सत्याग्रह, रास्ता रोको हा सत्याग्रह आणि बाजारपेठ सक्तीने बंद पाडणे हाही सत्याग्रहच! एखादे नाणे फार हातांतून फिरले की त्याच्यावरचा ठसा पुसट होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याच्या पुढची पायरीही ठाऊक असते. हलके नाणे चलनात शिरले की अस्सल नाणे लोक घरात दडवून ठेवतात आणि बाजारात हलके तेवढे उरते. 'सत्याग्रह' या शब्दाच्या वाट्याला काहीसे हेच आले आहे. ज्यांची चळवळ खरोखर त्या तोलाची असते, ते हा शब्द संकोचाने टाळतात. ज्यांची नसते, ते फलकावर तो ठळक अक्षरांत रंगवतात.

या शब्दाचे एक वैशिष्ट्य असे, की तो अनादी काळापासून चालत आलेला नाही. तो केव्हा, कोठे आणि कोणत्या गरजेतून घडवला गेला, हे आपल्याला नेमके सांगता येते. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची सभा भरली. आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन नावनोंदणी करावी आणि परवाना सदैव जवळ बाळगावा, अशी सक्ती करणारा वटहुकूम येऊ घातला होता. तो मानावयाचा नाही आणि त्यापायी जी शिक्षा होईल ती सोसावयाची, अशी शपथ त्या सभेने घेतली. म्हणजे कृती आधी झाली. तिला नाव नव्हते. प्रारंभी गांधीजी तिला 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणत. मराठीत त्या सुमारास 'निःशस्त्र प्रतिकार' असा शब्दप्रयोग रूढ होत होता, तो याच अर्थाचा. पुढे 'इंडियन ओपिनियन' या पत्रातून त्यांनी नव्या नावासाठी बक्षीस जाहीर केले. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' हा शब्द सुचवला आणि गांधीजींनी त्यात फेरफार करून १९०८च्या आरंभी 'सत्याग्रह' हे नाव प्रसिद्ध केले.

परक्या भाषेतला शब्द नको, एवढ्याच अभिमानाने हे नाव शोधले गेले असते तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु कारण निराळे होते. जर्मिस्टन येथील युरोपीयांच्या एका सभेत होस्केन नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थांनी हिंदी लोकांची बाजू मोठ्या सहानुभूतीने मांडली. हे लोक दुबळे आहेत, त्यांना मताधिकार नाही, त्यांच्याजवळ शस्त्रे नाहीत, म्हणून त्यांनी दुबळ्यांचे हे हत्यार उचलले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भाषण मित्राचे होते, पण गांधीजींनी त्याच सभेत उभे राहून ते नाकारले. शस्त्र नाही म्हणून शांत राहणारा माणूस आणि शस्त्र असते तरी न उचलणारा माणूस यांच्यात भेद आहे आणि तो भेद शब्दातच दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडात शिक्षणविषयक कायद्याविरुद्ध कर नाकारणारे धर्मपंथीय लोक आणि मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया यांच्या चळवळींनाही 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हटले जाई. त्यांपैकी काही स्त्रियांनी खिडक्याही फोडल्या होत्या. तेव्हा त्या जुन्या नावात हिंसा वर्ज्य नव्हती, केवळ गैरसोयीची होती.

मराठी माणसाच्या कानाला मात्र हा शब्द प्रथम ऐकताना काहीसा विचित्र वाटला असावा. आपल्याकडे आग्रह होतो तो पंगतीत, आणि तो दुसऱ्याच्या पानात आणखी एक जिलेबी पडावी म्हणून. त्याच घरातले दुराग्रह, पूर्वग्रह, हटवाद हे शब्द काही भूषणावह नाहीत. राजहट्ट, बालहट्ट आणि स्त्रीहट्ट असे हट्टाचे तीन प्रकार तर आपल्या पूर्वजांनी चेष्टेनेच नोंदवून ठेवले आहेत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की स्वतःला क्लेश देऊन दुसऱ्याला वाकवण्याची कला आपल्याला नवी नव्हती. 'धरणे' हा शब्द पाहा. कर्ज बुडवणाऱ्याच्या दारात धनकोने किंवा त्याने नेमलेल्या ब्राह्मणाने अन्नपाणी वर्ज्य करून बसावयाचे, आणि तो उपाशी मेला तर हत्येचे पाप घरमालकाच्या माथी, हे जुने धरणे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेने ५०८व्या कलमात दैवी कोपाचे भय घालून एखाद्याला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरवला आणि त्याचे उदाहरण म्हणून धरण्याचाच उल्लेख केला. ती संहिता २०२४ साली रद्द होईपर्यंत हा उल्लेख कायद्यात होता. 'त्रागा' या शब्दाचेही तसेच. आज आपण रुसून आदळआपट करणाऱ्याला त्रागा करतो असे म्हणतो. पण गुजरात-काठेवाडातले चारण आणि भाट जामीनकीचा शब्द मोडला गेला तर स्वतःच्या अंगावर वार करून घेत, प्रसंगी प्राण देत, त्याचे नाव त्रागा. काठेवाड ही तर गांधीजींचीच जन्मभूमी.

सत्याग्रह हा याच धरण्याचा आणि त्राग्याचा सुधारलेला अवतार आहे, असे म्हणणारे टीकाकार पूर्वीही होते आणि आजही आहेत. दिसावयास साम्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु गांधीजींनी स्वतः ही रेषा किती कडक आखली होती, हे १९२१मधील एका प्रसंगावरून दिसते. असहकाराच्या लाटेत कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी वर्गात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या सोबत्यांच्या वाटेत आडवे पडून रस्ता अडवला. विद्यार्थी त्यांच्याच चळवळीतले होते. तरीही गांधीजींनी 'यंग इंडिया'त या प्रकाराला रानटीपणा म्हटले, आणि भ्याडपणाही म्हटले. कारण आपल्याला कोणी तुडवून जाणार नाही, याची धरणे धरणाऱ्याला खात्री असते. महाविद्यालयाच्या दारात आडवे होणाऱ्या आजच्या विद्यार्थिमित्रांनी हे टिपण एकदा अवश्य वाचावे.

मग सत्याग्रहाची ओळख कोणती? तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो. त्याला या प्रश्नाचे उत्तर १९१८च्या अहमदाबादेत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही भाष्यग्रंथात दिसत नाही.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगची साथ आली. कामगार गावोगाव पळून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी त्यांना प्लेग-बोनस दिला. काहींच्या बाबतीत तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला होता. साथ ओसरताच मालकांनी बोनस बंद करावयाचे ठरवले. पण महायुद्धामुळे धान्य आणि कापड महाग झाले होते आणि ती महागाई प्लेगबरोबर ओसरली नव्हती. कामगार ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांच्या पुढे जावयास तयार नव्हते. आपल्या परिचयाच्या पद्धतीने हा तंटा चालला असता तर पुढाऱ्यांनी ५० मागून ३५वर समाधान मानले असते आणि विजयाची मिरवणूक काढली असती. गांधीजींनी उलट केले. त्यांनी महागाई किती, मुंबईच्या गिरण्यांत मजुरी किती, अहमदाबादच्या मालकांना काय परवडते याची चौकशी केली आणि ३५ टक्के हा आकडा काढला. मग कामगारांनाच सांगितले की ५०ची मागणी सोडा. ३५ न्याय्य आहेत, तेवढेच मागा, आणि त्याहून एक पैसा कमी घेऊ नका.

येथे 'सत्य' या पूर्वपदाचा अर्थ उलगडतो. पुष्कळांना ते पद अध्यात्मातले वाटते. अहमदाबादेत त्याचा अर्थ हिशेब असा होता. खेडा जिल्ह्यात त्याच वर्षी पीक चार आण्यांहून कमी आले की अधिक, यावर शेतसारा तहकुबीचा प्रश्न अवलंबून होता, आणि तेथेही आधी गावोगाव आणेवारीची तपासणी झाली, मग प्रतिज्ञा झाली. आपल्याकडे दुष्काळ जाहीर करताना पैसेवारीचा घोळ दरवर्षी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या तपासणीचे मोल वेगळे सांगावयास नको. बारडोलीत १९२८ साली सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. लढ्यानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या सरकारनेच नेमलेल्या अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आणली. चौकशी व्हावी, हीच तर बारडोलीची मुख्य मागणी होती. ज्याचा हिशेब पक्का आहे त्यालाच निःपक्ष चौकशीची मागणी परवडते.

अहमदाबादेतली दुसरी गोष्ट खर्चाची. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. मित्रमंडळींनी वर्गणी गोळा करून कामगारांना पोसावे, अशी सूचना पुढे आली. गांधीजींनी ती नाकारली. भिक्षेवर जगावयाचे नाही, ही कामगारांच्या प्रतिज्ञेतलीच एक अट होती. साबरमती आश्रमात विणकाम शाळेची इमारत उभी राहत होती. गिरणीतल्या विणकरांनी तेथे डोक्यावरून वाळूच्या टोपल्या वाहिल्या. कामावर जाणाऱ्यांना अडवावयाचे नाही, ही दुसरी अट. म्हणजे लढ्याचा भार लढणाऱ्याच्याच खांद्यावर राहिला. तो शहरावर, गिऱ्हाइकावर किंवा संप न करणाऱ्या शेजाऱ्यावर टाकला गेला नाही. अर्थशास्त्रात आम्ही 'बाह्य खर्च' नावाची एक कल्पना शिकवतो. कारखाना नदीत सांडपाणी सोडतो तेव्हा कापडाची किंमत गिऱ्हाईक देते, पण नदीकाठच्या गावाला जो भुर्दंड पडतो तो कोणाच्याच खतावणीत लिहिला जात नाही. आपल्या आजच्या आंदोलनांपैकी बहुतेकांचा खर्च असाच नदीत सोडलेला असतो.

कामगार डगमगू लागले, गांधीजी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात आणि सुखाने जेवतात अशी कुजबूज त्यांच्यात सुरू झाली, तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपवास आरंभला. तीन दिवसांत तडजोड झाली. तडजोडीचा तपशील मोठा गमतीचा आहे: पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला, तिसऱ्या दिवसापासून मधला आकडा, साडेसत्तावीस टक्के, लवादाचा निर्णय होईपर्यंत. पुढे लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच योग्य ठरवले. तरीही आत्मकथेत गांधीजींनी हा उपवास दोषमुक्त मानला नाही. अंबालाल साराभाई आणि इतर मालक हे त्यांचे स्नेही होते; उपवासाचे दडपण त्यांच्यावर आले, आणि केवळ संपाचा परिणाम होऊन त्यांनी निर्णय घ्यावयाचा ही मोकळीक त्यांना राहिली नाही, असे त्यांनी नोंदवले. आमरण उपोषणाच्या सातव्या दिवशी मंत्र्यांच्या हातून सरबताचा पेला घेणाऱ्या किती पुढाऱ्यांना अशी नोंद करावीशी वाटली असेल?

अर्थात गांधीजींचे उपवासही त्यांच्याच कसोटीला सदैव उतरले असे नाही. आपल्यावर प्रेम करणाऱ्याला सुधारण्यासाठी उपवास करता येतो, प्रतिपक्षाकडून हक्क उकळण्यासाठी नव्हे, असे त्यांनी १९२४ साली लिहिले होते. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात त्यांनी आरंभलेला उपवास हिंदू समाजाच्या मनाला उद्देशून आहे असे ते म्हणत. परंतु त्याचे ओझे प्रत्यक्षात पडले ते डॉ. आंबेडकरांवर. अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ त्यांनी सोडले ते युक्तिवाद पटून नव्हे, आणि त्यांची त्याबद्दलची कडवट भावना अखेरपर्यंत गेली नाही. ही गोष्ट गांधीभक्तांनी झाकून ठेवण्याची गरज नाही. कसोटी कडक असली की ती लावणाऱ्यालाही कापते.

सत्याग्रहाचा अत्यंत काटेकोर प्रयोग महाराष्ट्रात कोणी केला असेल तर तो डॉ. आंबेडकरांनीच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. त्याआधी १९२३ साली सी. के. बोले यांचा तशा आशयाचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला होता. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी ओंजळीने पाणी पिणाऱ्यांनी कोणताही कायदा मोडला नाही. मोडली ती रूढी. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली, तरी प्रतिहल्ला करू दिला गेला नाही. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा महाडला जमले, पण मधल्या काळात दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. जमलेला समुदाय परत फिरवणे हे कोणत्याही पुढाऱ्याला किती अवघड असते! डॉ. आंबेडकरांनी तो परत फिरवला आणि न्यायालयाचा रस्ता धरला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७च्या मार्चमध्ये लागला, म्हणजे पुरत्या दहा वर्षांनी.

याच डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले की स्वतंत्र भारतात सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांना स्थान उरत नाही. त्यांना त्यांनी अराजकाचे व्याकरण म्हटले. हे भाषण आज सत्ताधारी पक्षाला, मग तो कोणताही असो, फार आवडते. त्यातले 'मार्ग खुले असताना' हे शब्द मात्र उद्धृत करताना हळूच गळून पडतात. मार्ग कागदावर खुला असणे आणि तो माणसाच्या आयुष्यात पुरा होण्याजोगा असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मुंबईच्या आझाद मैदानावर विनाअनुदानित शाळांचे शिक्षक पुन्हा पुन्हा येऊन बसले. त्यांनी कोणता सनदशीर मार्ग सोडला होता? निवेदने दिली होती, आश्वासने घेतली होती, शासननिर्णयही पाहिले होते. अशांना दुसऱ्याच्या दारी जाऊन व्याकरण शिकवणे हे भरल्या पोटीचे काम आहे. विनोबांनी स्वातंत्र्यानंतर सत्याग्रह सौम्य, सौम्यतर आणि सौम्यतम होत गेला पाहिजे असे म्हटले. तेही प्रस्तुत लेखकाला अर्धेच पटते. सौम्यता लढणाऱ्याच्या वृत्तीत हवी. मागणीच सौम्य झाली तर तिची दखल घेण्याचे कारण राज्यकर्त्यांना राहत नाही.

म्हणून सत्याग्रह कालबाह्य झाला, हे म्हणणे चुकीचे. पण प्रत्येक लढ्याला ते नाव देणे हेही तितकेच चुकीचे, आणि हे आपल्याच वर्गाला सांगण्याची वेळ आली आहे. संप हे कामगाराचे न्याय्य साधन आहे. १९७७च्या डिसेंबरात सुरू झालेला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप असो, किंवा जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३मध्ये झालेला संप असो, त्यांच्या मागण्यांवर मोकळेपणाने वाद घालता येईल. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला. त्यावरही मतभेद होऊ शकतो. परंतु संप हा सौदा आहे. त्यात आपण दुसऱ्याची गरज अडवून धरतो. सौद्यात गैर काही नाही. त्याला फक्त सौदा म्हणावे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि अधिकात अधिक शिक्षा मागितली. न्यायमूर्ती तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी सहा वर्षांनी बारडोलीची चौकशी केली; त्यांनी सहा वर्षांची कैद दिली. आपल्या मागण्यांच्या यादीतले शेवटचे कलम पाहावे: आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्यावेत आणि संपाचा काळ रजेत धरावा. गांधी-आयर्विन करारातही कैद्यांच्या मुक्ततेचे कलम होते, हे खरे. परंतु ते तुरुंगात कित्येक महिने काढल्यानंतरचे होते.

बंदविषयी तर फार लिहिण्याचे कारणच नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ साली सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय उचलून धरला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली मुंबई बंद करणाऱ्या दोन राजकीय पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरावयास लावले. बंदच्या दिवशी ज्या भाजीवाल्याची टोपली रस्त्यात उलथली जाते, तो आंदोलक नसतो आणि प्रतिपक्षही नसतो.

भाजीवाल्याच्या जागी विद्यार्थी ठेवून पाहिले तर प्रश्न आमच्या उंबरठ्यावर येतो. २०१३च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकांनी परीक्षाकामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी देय होती, सरकारने ती देण्यास विलंब लावला होता; मागणीचा तो भाग निखालस न्याय्य होता. बहिष्कार सुमारे तीन महिने चालला. परीक्षांची वेळापत्रके विस्कटली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात बहिष्कार मागे घेण्यात आला. त्या काळात प्राध्यापकांच्या सभांतून सत्याग्रहाचा उच्चार होत असे. आमची थकबाकी आणि आमच्या विद्यार्थ्याचे वर्ष, या दोहोंपैकी तारण कोणते ठेवले गेले होते, एवढा एक प्रश्न त्या सभांतून कोणी विचारल्याचे आढळत नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, ६ मार्च २०१८ रोजी, नाशिकहून किसान सभेचा मोर्चा पायी निघाला. वनहक्काच्या जमिनी आणि कर्जमाफी या त्यांच्या मागण्या. हजारो आदिवासी शेतकरी, त्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ, पायांतल्या वहाणा झिजून तळवे सोललेले. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला ते शीवच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आझाद मैदानाकडे निघणार होते. परंतु १२ मार्चला दहावीच्या परीक्षेचा पेपर होता, आणि मुंबईचे रस्ते सकाळी अडले असते तर मुले केंद्रावर वेळेत पोचली नसती. सहा दिवस चाललेल्या त्या लोकांनी रात्रीची झोप सोडली, मध्यरात्रीनंतर पुन्हा चालावयास आरंभ केला आणि उजाडण्याच्या सुमारास ते आझाद मैदानावर जाऊन बसले. त्यांच्या मोर्चाचे नाव 'लाँग मार्च' असे होते. सत्याग्रह हा शब्द त्या नावात कोठे नव्हता.